नांदगावचा हात

निवृत्तीनंतर मी इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणायचं काम घेतलं. आधी पालकत्वावरचं एक केलं, मग मधुमेहाच्या आहारावरची दोन. शब्दांची अडचण कधी आली नाही, कारण साखर दोन्ही भाषांत सारखीच वाढते. मग एक दिवस पुण्याहून संपादकांचा फोन आला.

"मॅडम, हेरांचं पुस्तक आहे. ब्रिटिश हेर, विसाव्या शतकातले, सगळे खरेखुरे. घ्याल का?"

मी लगेच हो म्हटलं. हेर म्हटल्यावर डोळ्यांसमोर पिस्तूल, झगमगीत हॉटेल, कॉलर वर केलेला ओव्हरकोट असं काहीबाही आलं. पुस्तक हातात पडलं. पहिल्या शंभर पानांत एकच गोळी सुटली, तीही चुकून, हेराच्याच बुटात.

बाकी सगळी होती ती साधी माणसं. कुणी शाळेत लॅटिन शिकवणारा, कुणी दुकानात कापड मोजणारी, कुणी विमा कंपनीतला कारकून. दुसऱ्या महायुद्धात त्यांना परक्या देशात उतरवायचं ठरलं की आधी त्यांच्या अंगावरचं इंग्लंड पुसून काढायचे. कोटाची बटणं उसवून तिकडच्या पद्धतीनं पुन्हा शिवायचे. दातात भरलेलं सिमेंटसुद्धा बदलायचे. एवढं करून एक बाई पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडताना सवयीनं चुकीच्या बाजूला बघून पुढे झाली आणि सायकलवाल्याला धडकली. तिचं नशीब, तो तिच्यावर ओरडून निघून गेला. युद्धानंतरच्या काळातला एक हेर तर वर्षानुवर्षं बायकोला सांगत होता की मी मंत्रालयात फायली लावतो. तो गेल्यावर घरी आलेल्या पाहुण्यांकडून तिला कळलं की नवरा कोण होता. लेखकानं तिला विचारलं, तुम्हाला राग आला का? ती म्हणाली, "राग त्याचा नाही आला. घरातल्या फायली मात्र त्यानं कधी लावल्या नाहीत, त्याचा आला."

अशी माणसं मला आवडायला लागली. एक प्रकरण मात्र मी नाराजीनंच केलं. त्यातला अधिकारी वसाहतींमध्ये फिरून लोकांची पत्रं उघडायचा आणि पुन्हा बेमालूम चिकटवायचा. तो तेवढाच हुशार, तेवढाच कष्टाळू. फक्त या वेळी दाराच्या दुसऱ्या बाजूला आपली माणसं होती. मी त्याची हुशारी कमी केली नाही.

खरी अडचण आली ती सहाव्या प्रकरणात. हे बिनतारी यंत्र चालवणाऱ्यांचं प्रकरण. शत्रूच्या मुलखात माळ्यावर, गोठ्यात, कुणाच्या तरी मागच्या खोलीत बसून ते मोर्सच्या खुणांनी लंडनला संदेश पाठवायचे. इकडे लंडनजवळ वीस-बावीस वर्षांच्या मुली कानाला यंत्र लावून ते उतरवून घ्यायच्या. महिनोन् महिने ऐकून त्यांना पाठवणाऱ्याची ढब इतकी ओळखीची व्हायची की दोन अक्षरांत कळे, हा आपलाच माणूस. प्रत्येकाची टकटक वेगळी. इंग्रजीत या ढबीला ते लोक 'मूठ' म्हणतात. मराठीत मूठ लिहिली तर वाचकाला वाटायचं कुणी कुणावर मूठ मारली. मी 'ठोक्यांची शैली' लिहिलं, ते खोडलं आणि 'हस्तशैली' लिहिलं. संपादकांनी फोनवर विचारलं, "हस्तशैली म्हणजे? मेंदी काढतात का ते?"

मी इंदिरानगरला राहते. सकाळी अकराच्या सुमारास जवळच्या वाचनालयात जाऊन बसायची मला सवय आहे. त्या दिवशी शब्दकोश उघडून बसले होते तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून टकटक ऐकू यायला लागली. एक वृद्ध गृहस्थ पेपर वाचत होते. पांढरी टोपी, पांढरी छाटलेली दाढी, आणि उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर एकसारखं चाललेलं. मी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दोनदा सांगून झालंय. मनमाडला रेल्वेत तारबाबू होते म्हणे. इथं जवळच वडाळा गावात मुलाकडे असतात. ते तरी काय करणार, बोट थांबतच नाही."

मी शब्दकोश मिटला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"चाचा, काय वाजवताय?"

त्यांनी हात चटकन टेबलाखाली घेतला. "माफ करा बाई. वाचता वाचता आपोआप होतं. हेडलाइन पाठवत होतो."

"कुठे पाठवत होता?"

"कुठं नाय," ते म्हणाले. "पण पाठवल्याबिगर मला बातमी वाचल्यासारखी वाटत नाय."

मी त्यांना माझी अडचण सांगितली. बिनतारी यंत्र, लंडनच्या मुली, प्रत्येकाची वेगळी टकटक. त्यांनी मान कलती करून सगळं ऐकलं, आणि मी संपवायच्या आत म्हणाले, "हात. आम्ही हात म्हणायचो. 'भुसावळचा हात जड हाय', 'आज लाइनीवर नवा हात बसलाय'. ह्याला अजून काय म्हणणार?"

दोन आठवडे मी ज्या शब्दासाठी डोकं फोडत होते तो टेबलाच्या पलीकडे बसून पेपर वाचत होता.

त्यानंतर दर गुरुवारी चाचा आमच्या घरी यायला लागले. मी प्रकरण वाचून दाखवायची, ते चुका काढायचे. त्यांच्याकडून मला कळलं की स्टेशनातला ठोके देणारा साउंडर फार हळू वाजायचा, म्हणून तारबाबू त्याच्यामागे सिगारेटचा पत्र्याचा डबा लावत. मग आवाज खणखणीत व्हायचा. कळलं की मुरलेला तारबाबू कागदावर खुणा उतरवत नाही, शेजाऱ्याशी बोलता बोलता सरळ शब्द लिहितो. ते स्वतः चौऱ्याऐंशी वर्षांचे. नोकरीची पहिली सगळी वर्षं मनमाड जंक्शनच्या तारखोलीत काढलेली. त्यांना चहात साखर चालत नव्हती आणि माझ्या आहारावरच्या दोन्ही पुस्तकांवर त्यांचा विश्वास नव्हता.

एका गुरुवारी मी त्या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग वाचला. हेरांना एक युक्ती शिकवलेली असे. प्रत्येक संदेशात ठरलेल्या जागी एक चूक मुद्दाम करायची. चूक नसली तर लंडननं समजायचं, माणूस पकडला गेलाय आणि कुणीतरी त्याच्याकडून हे करवून घेतंय. एकदा ऐकणाऱ्या मुलीनं वर जाऊन सांगितलं की चूक नाही, आणि हातही त्याचा वाटत नाही, घाबरलेला वाटतो. वरच्या साहेबांनी तिला परत जागेवर बसायला सांगितलं. माणूस दमला असेल, म्हणाले. पुढे लंडननं त्याच्याच भरवशावर आणखी माणसं उतरवली, आणि खाली शत्रू त्यांची वाट बघत उभा होता.

चाचांनी माझ्या हातातलं पान घेऊन टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "पोरीला कळलं होतं. हात घाबरला की कळतं."

"तुम्हाला कधी कळलंय?"

"एकदा," ते म्हणाले, आणि त्यांनी मला नांदगावची गोष्ट सांगितली.

मनमाडच्या पुढचं नांदगाव. तिथल्या तारखोलीत एक माणूस होता. चाचा दिवसातून वीस वेळा त्याच्याशी तारेवर बोलत, पण तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. नावही माहीत नव्हतं. तारेवर नाव कशाला लागतं? तो म्हणजे 'नांदगावचा हात'. चार वर्षं हे चाललं. हात हलका, घाई नाही, आणि प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक ठोका जास्तीचा, पान खाऊन झाल्यावर बोट झटकावं तसा. एका दुपारी मालगाडीचा संदेश आला आणि चाचांना वाटलं, हा तो नव्हे. मग वाटलं, तोच आहे, पण हात थरथरतोय. शेवटचा ठोका नाही. खासगी बोलायला बंदी होती तरी चाचांनी विचारलं, काय झालं? मग आलं: मुलगी, चार वर्षं, घटसर्प, इथे सीरम नाही.

"मी खुर्ची सोडली," चाचा म्हणाले. "ड्युटीवरून उठायची परवानगी नव्हती. सोबतच्याला म्हटलं, दहा मिनिटं सांभाळ. धावत रेल्वेच्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ते जेवत होते. हात धुऊन उठले. इंजेक्शनं काढली, माझ्याच थर्मासमधला चहा ओतून दिला, त्यात बर्फ भरला, अन् वरती बाटल्या. पॅसेंजर फलाटावर होती. गार्डाला म्हटलं, नांदगावला तारखोलीत दे, दुसऱ्या कुणाच्या हातात नको. बस. एवढंच."

"मग? मुलगी?"

"ठाऊक नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते पुढे सांगू लागले. दुसऱ्या दिवशी नांदगावला दुसराच हात होता. चाचांनी विचारलं, तर उत्तर आलं की तो रजेवर आहे, गावी गेलाय. रजा कशासाठी, हे चाचांनी विचारलं नाही. आठवड्याच्या आत त्यांचीच बदली दौंडच्या लाइनीवर झाली.

"विचारता आलं असतं," ते म्हणाले. "शंभर वेळा आलं असतं. नाय विचारलं. जोवर विचारत नाय तोवर पोरगी जिती हाय, असा माझा हिशेब होता."

आता माझ्या अंगात सहाव्या प्रकरणातली ती मुलगी शिरली. मी म्हटलं, "चाचा, शोधू या."

ते नको म्हणाले. पुढच्या गुरुवारीही नको म्हणाले. तिसऱ्या गुरुवारी चपला घालता घालता म्हणाले, "पेन्शनरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप हाय. सुनेच्या फोनवर येतो. त्यात सगळे दिवसभर फुलं पाठवतात." मी तिथल्या तिथे मजकूर लिहून दिला: अमुक काळात नांदगावच्या तारखोलीत असलेल्या बाबूंचा पत्ता कुणाला ठाऊक आहे का? खाली माझा नंबर.

चौथ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज होता, ठाशीव, शिक्षिकेसारखा. "माझे वडील नांदगावला तारबाबू होते. आम्ही आता जेलरोडला असतो. तुम्ही कोण?"

मी सांगितलं. पण कितीही मनात आलं तरी, तुम्ही त्यांची कितवी मुलगी, हे मला फोनवर विचारवलं नाही. जेलरोड! आमच्याकडून रिक्षानं वीस मिनिटं. ही दोन माणसं पंधराएक वर्षं एकाच शहराच्या पाण्यावर चहा करत होती.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. चाचांनी नवी टोपी घातली होती आणि रिक्षात त्यांचं बोट अगदी शांत होतं. दार उघडलं ते साठीच्या बाईंनी. चष्म्याला साखळी, कानात छोट्या कुड्या. त्यांनी "जयभीम, या ना" म्हटलं. चाचांनीही हात जोडून "जयभीम" म्हटलं आणि त्यांच्याकडे न बघता आत गेले.

त्यांचे वडील, म्हणजे काका, खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसले होते. बारीक, गोरटेले, स्वच्छ पांढरा शर्ट. मुलगी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "दादा, मनमाडहून चाचा आलेत. तारखोलीतले." काकांनी हसून मान हलवली, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हलवावी तशी.

"त्यांना ऐकू येत नाही," ती आम्हाला म्हणाली. "यंत्र आणलं होतं, ते म्हणतात त्यात नुसती खरखर आहे. पाटीवर लिहून दाखवावं तर डोळ्यांनीही आता अक्षरं धड दिसत नाहीत. कोण आलंय ते त्यांना कळलेलं नाही. मी सकाळपासून सांगतेय. तुम्ही बसा, मी चहा टाकते."

चाचांनी खुर्ची ओढून काकांच्या शेजारी घेतली, त्यांचा डावा हात स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि मनगटाच्या वर, हाताच्या पाठीवर, बोटानं ठोके दिले. थोडे दिले, थांबले, पुन्हा तेच दिले. नंतर मला कळलं की ती नांदगाव स्टेशनला मारायची हाक होती.

काकांचं हसू थांबलं. त्यांनी मान फिरवून चाचांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. चाचांनी तिसऱ्यांदा हाक दिली. तेव्हा काकांनी चाचांचा तळवा उलटा करून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. पहिले दोन-चार ठोके अडखळत आले. मग बोट सैल सुटलं. चाचांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतोय, मनमाड, इतका उशीर? लाइन खराब होती का?" चाचा म्हणाले. "अन् शेवटी एक ठोका जास्त दिला, हरामखोरानं."

मग त्यांनी काकांच्या हातावर काहीतरी थोडकंच विचारलं. दोन शब्द असतील. मला मोर्स कळत नाही, पण ते बोट सरळ पडत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. काकांनी हात सोडवून घेतला आणि तर्जनी वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवलं. त्यांची मुलगी चहाचा ट्रे आणि चिवड्याच्या बश्या घेऊन बाहेर येत होती.

चाचांनी चष्मा काढला. "बाई," ते मला म्हणाले, "हीच ती."

ट्रे हातात घेऊन ती दारातच उभी राहिली. मग मीच तिला सगळं सांगितलं. थर्मास, बर्फ, पॅसेंजरचा गार्ड. तिला अर्धी गोष्ट माहीत होती. "मला घटसर्प झाला होता, मनमाडहून औषध आलं आणि मी वाचले, हे आजी सांगायची. कुणी पाठवलं विचारलं की दादा म्हणायचे, मनमाडचा एक हात होता. मला लहानपणी वाटायचं, नुसता हातच आला असेल." ती चाचांकडे वळली. "चाचा, मी नोकरी करून रिटायर झाले, मला दोन नाती आहेत, आणि तुम्ही अजून माझ्या तापाची काळजी करताय?"

"सवय लागली होती," चाचा म्हणाले.

ती हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मग चिवड्याची सगळ्यात मोठी बशी त्यांच्यासमोर ठेवली.

पुढचे दोन तास आम्ही दोघी निरुपयोगी होतो. दोन म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून एकमेकांच्या हातांवर बोटं वाजवत होते. मधूनच चाचा एखादं वाक्य आमच्याकडे टाकत. काकांनी रजेवरून परतल्यावर आभाराची तार दिली होती. ती घेणारा हात वेगळा आहे हे पहिल्याच अक्षराला त्यांच्या लक्षात आलं, पण पाठवायला सुरुवात केली होती म्हणून पुरी केली. मग ते जबलपूरकडे गेले, चाचा दौंडकडे, आणि राहून गेलं. थर्मास परत करायचा राहिला, याबद्दलही काकांनी माफी मागितली. एकदा दोघांचं जोरदार वाजलं. कुठल्याशा मालगाडीच्या डब्यांची संख्या तीनदा पाठवायला लावल्याचा काकांचा राग अजून गेला नव्हता. चाचांचं म्हणणं, चूक नांदगावची होती.

"दोन वर्षांत दादा एवढं बोलले नव्हते," मुलगी मला हळूच म्हणाली. "आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नाहीये."

तिनं मोर्स शिकायचं मनावर घेतलं. चाचांनीच धडे दिले. तीन महिन्यांत तिला 'चहा', 'गोळी घ्या' आणि 'भात की पोळी' एवढं येऊ लागलं. काका म्हणाले, हिचा हात चांगला आहे, फक्त मास्तरणीसारखा दामटून बोलतो. मी पण प्रयत्न केला. माझ्या हाताबद्दल काय म्हणाले ते चाचांनी मला सांगितलं नाही.

गुरुवारची बैठक आता जेलरोडला भरते. पुस्तकाची छापायची प्रत तयार झाली तेव्हा मी सहावं प्रकरण घेऊन तिथे गेले. मी वाचायची, चाचा ते जमेल तितकं काकांच्या हातावर उतरवायचे, काका मध्येच थांबवायचे. मुद्दाम केलेल्या चुकीचा भाग आला तेव्हा काकांनी तो पुन्हा मागितला. लंडनच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती तशीच ऐकत राहिली, युद्ध संपेपर्यंत, आणि मग एका खेड्यात टपाल कचेरीत नोकरीला लागली. काकांना ते पटलं.

पण एका गोष्टीवर दोघंही अडून बसले. एक हेर बाई शेतावरच्या घरात महिनाभर लपून संदेश पाठवत होती, असं मी लिहिलं होतं. चाचा म्हणाले, "बिनतारी यंत्राला लांब तार बाहेर काढावी लागते. ती कुठं बांधली होती?"

"पुस्तकात दिलेलं नाही," मी म्हटलं.

"तर मग बाई खोटं बोलतेय, नायतर तुम्ही," ते म्हणाले. काकांच्या हातावरही त्यांनी तेच वाजवलं, आणि काकांनी मान डोलावली.

मी घरी येऊन मूळ इंग्रजी पान उघडलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये एक वाक्य होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. बाईनं ती तार अंगणात आडवी बांधली होती, आणि गस्तीचे शिपाई यायच्या सुमाराला शेतकऱ्याची बायको तीवर धुतलेल्या चादरी वाळत घालायची. मी ते वाक्य मराठीत करून संपादकांना पाठवलं. ते आता पानावर नीट बसलंय, चादरींसकट.